हवा टिकली म्हणजे टायर टिकला काय?

टायरमध्ये हवा टिकत आहे तोवर तो बदलण्याचे प्रयोजन नाही, हे मत आपल्या मोटारमालकांत इतके रूढ झाले आहे, आणि रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यापासून सोसायटीतल्या जाणत्या शेजाऱ्यापर्यंत इतक्या मुखांतून ते इतक्या खात्रीने उच्चारले जाते, की त्याविरुद्ध बोलणाऱ्यावर श्रीमंतीचा किंवा भित्रेपणाचा आरोप ठरलेला असतो. हे दोन्ही आरोप पत्करून प्रस्तुत लेखकाला असे प्रतिपादन करावयाचे आहे की, हवा टिकणे ही टायरच्या सुस्थितीची केवळ एक अट आहे, तिला पुरावा मानता येत नाही. आणि टायर दुरुस्त करावा की बदलावा, या वादाचा निकाल टायरच्या पोटातील धाग्यांच्या साक्षीवर लागला पाहिजे.

प्रतिपक्षाची कैफियत दुबळी करून मग तिला उत्तर देणे सोपे असते, परंतु ते शोभत नाही. म्हणून ती आधी पूर्ण सांगतो. असे म्हटले जाते की, कडेला फुगा आलेला अथवा खांद्याजवळ चीर पडलेला टायर ठिगळ लावून वर्षभर चालविणारे लोक प्रत्येक गल्लीत आहेत आणि त्यांना काहीही झालेले नाही. शिवाय मालमोटारींचे टायर रिमोल्ड होतात, विमानांच्या टायरांवरही पुनःपुन्हा नवी नक्षी चढविली जाते. मग चार माणसे वाहणाऱ्या मोटारीचाच टायर एवढा नाजूक कसा? आणि सर्वांत वजनदार मुद्दा असा की, फाटले ते सांधून वापरावे ही आपली जुनी रीत आहे; ज्या घरात गोधडीला चौथे ठिगळ लागते त्या घराला वस्तू टाकून देण्याचा उपदेश करणारा माणूस एकतर टायर कंपनीचा दलाल असावा, नाहीतर वाढत्या कचऱ्याकडे पाठ फिरवून बसलेला असावा.

या समजुतीचे मूळ शोधू गेल्यास ते अज्ञानात सापडत नाही. एके काळी खऱ्या असलेल्या ज्ञानात सापडते. बेलफास्टमध्ये व्यवसाय करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हापासून थेट आपल्याकडील अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या अमदानीपर्यंत चाकाची दोन कामे दोन निरनिराळ्या वस्तूंकडे सोपविलेली होती : हवा धरण्याचे काम ट्यूबकडे, आणि त्या हवेचा दाब व गाडीचा भार सोसण्याचे काम टायरकडे. खिळा लागला म्हणजे ट्यूब ओढून काढावी, पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे पाहावेत, कानशीने घासून सोल्युशन लावावे आणि पॅच दाबून बसवावा, एवढ्याने हवेचा प्रश्न खरोखरच मिटत असे; आणि टायरलाच चीर असली तर आतून जुन्या टायरचा तुकडा, ज्याला या धंद्यात गेटर म्हणतात, तो घालून ट्यूबचे रक्षण केले जाई. ट्यूबलेस टायरमध्ये ही वाटणी संपुष्टात आली. हवा धरणारे अस्तर आणि भार सोसणारे धागे आता एकाच कवचाचे थर झाले आहेत. सबब एका थराची गळती थांबली की दुसऱ्या थराचीही खातरजमा झाली, असा भास अगदी सहज होतो.

या कवचाची घडण थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे, कारण वादाचे मर्म तिच्यात आहे. मिशेलिनने १९४६ साली पेटंट घेतलेल्या आणि आज सर्व मोटारींना लागणाऱ्या रेडियल टायरमध्ये रिमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारे, बहुधा पॉलिएस्टरचे, बारीक धागे असतात. नक्षीच्या खाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, त्यांवर पोलादी तारांचे पट्टे चढविलेले असतात. परंतु बाजूच्या भिंतीत त्या धाग्यांवाचून आणि रबरावाचून दुसरा आधार नसतो. मोटारीच्या टायरमध्ये ३३ पौंडांची हवा भरली म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.३ किलोचा दाब पडतो. तळहाताएवढ्या, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर जागेवर तो सव्वादोन क्विंटलांच्या वर जातो. गाडी ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावत असता साठ सेंटिमीटर व्यासाचे चाक एका सेकंदात जवळजवळ पंधरा फेरे घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात ती भिंत रस्त्यापाशी एकदा वाकून पुन्हा सरळ होते. एवढा सगळा जाच सोसणारी वस्तू रबर नसून धागा आहे.

आता हवेचा निकष लावून पाहा. खड्ड्याच्या धारदार काठावर चाक आपटले म्हणजे टायरची भिंत रिम आणि काठ यांच्यामध्ये चिमटली जाऊन आतले धागे तुटतात, पण बाहेरचे रबर आणि आतले अस्तर ताणले जाऊनही फाटत नाही. धाग्यांचा आवर सुटलेली ती जागा हवेच्या दाबाने बाहेर येते, आणि तिलाच आपण फुगा म्हणतो. या फुग्यातून हवेचा कणदेखील निसटत नाही! म्हणजे ज्या टायरवर विश्वास टाकणे सर्वांत धोक्याचे, तोच हवेच्या निकषावर निर्दोष ठरतो. (बाजूच्या भिंतीवर आत दबलेली एखादी उभी रेघ दिसली तर मात्र घाबरू नये, ती धाग्यांच्या थराचा सांधा असते आणि निरुपद्रवी असते. बाहेर आलेला उंचवटा तेवढा घातक.) दुसरा दाखला याहून फसवा आहे. खिळा लागल्याचे न कळता गाडी काही अंतर कमी हवेवर चालली, तर भिंत दुमडून दुमडून तापते आणि आतून भुगा होऊ लागते. नंतर खिळ्याचे भोक कितीही उत्तम बुजविले आणि हवा महिनाभर टिकली, तरी त्या भिंतीत गेलेले बळ परत येत नाही. टायर रिमवरून उतरवून आत हात फिरविला असता काळी रबराची पूड हाताला लागते. ती लागली की पुढील चर्चा थांबवावी.

गोधडीच्या दाखल्याला येथेच उत्तर देता येते. गोधडीवर ठिगळ टाचले म्हणजे ते ठिगळ आजूबाजूच्या कापडाचा ताण आपल्या अंगावर घेते, आणि टाके बळकट असतील तर जुन्या कापडाहून अधिकच घेते. मोटारीच्या टायरमधील पॅच असे काहीच करीत नाही. तो भोक बुजवितो, हवा अडवितो, पाणी अडवितो. तुटलेल्या धाग्याच्या वाट्याचा भार तो उचलीत नाही, तो भार शेजारच्या धाग्यांवर जाऊन पडतो. पोलादी पट्ट्यांच्या आश्रयाला, नक्षीच्या मधल्या भागात, दोनचार तारा तुटल्या तर शेजारी तो भार निभावतात. भिंतीत मात्र ते निभावत नाही.

रस्त्याकडेला पाच मिनिटांत होणाऱ्या दुरुस्तीविषयी, म्हणजे टायर न उतरविता बाहेरून घुसविलेल्या चिकट स्ट्रिपविषयी, याच अनुषंगाने बोलले पाहिजे. तिने गाडी घरी किंवा चांगल्या दुकानापर्यंत पोहोचते, आणि तेवढ्यापुरती ती उपकारकच आहे. परंतु बाहेरून काम केले म्हणजे आतली तपासणी होत नाही, स्ट्रिप घालण्यापूर्वी भोकात फिरविलेल्या कानशीने आणखी तारा तुटू शकतात, आणि फटीतून शिरलेले पाणी पोलादी पट्ट्यांना गंज चढविते. गंजलेल्या पट्ट्यावर रबर धरून राहत नाही. थर सुटणे म्हणजे काय, हे २००० साली फायरस्टोनने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागविले तेव्हा जगाने पाहिले. तेथे दोष टायरच्या रचनेत आणि घडणीत होता. येथे तोच परिणाम आपण विकत घेतो, तोही स्वस्तात. चिरलेल्या ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून देण्याचा जो तोडगा आपल्याकडे सर्रास सुचविला जातो, त्याला तर दुरुस्ती म्हणण्याचेही कारण नाही : त्याने चीर जशीच्या तशी राहते, फक्त ती आपल्याला सांगण्याचे बंद करते.

मालमोटार आणि विमान यांचा दाखला ऐकावयास भारदस्त वाटतो, पण तो प्रतिपक्षाच्या विरुद्ध जातो. रिमोल्डिंगमध्ये झिजलेल्या नक्षीच्या जागी नवी नक्षी चढवितात, आणि तीही आधी कवच तपासून, सदोष कवचे नामंजूर करून. तेथे नूतनीकरण होते ते झिजेचे. मोडलेल्या धाग्यांना तेथेही अभय नाही. मालमोटारीच्या टायरच्या भिंतीवर क्वचित मोठी दुरुस्ती होते हे खरे, परंतु तिच्यासाठी धागे घातलेला खास पॅच उष्णतेने आणि दाबाने एकजीव करावा लागतो, आणि ते जाड कवचही पुन्हा उपयोगात आणण्याच्या हिशेबानेच बांधलेले असते. मोटारीच्या पातळ भिंतीला हा न्याय लागू होत नाही.

राहता राहिला अनुभवाचा मुद्दा. वर्षभर फुग्यावर गाडी चालविली आणि काही झाले नाही, असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. पण पेठेतल्या गर्दीत ताशी तीस किलोमीटर वेगाने मिळालेला तो अनुभव असतो. तोच गृहस्थ मे महिन्यात मुलाबाळांसह, टपावर सामान बांधून, नागपूरहून मुंबईला समृद्धी महामार्गाने निघतो. हा रस्ता ७०१ किलोमीटरांचा, बव्हंशी सिमेंटचा, आणि सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा देणारा. तेथे वाकण्याची वारंवारता, उष्णता आणि भार ही तिन्ही एकदम वाढतात, आणि गल्लीतल्या साक्षीला तेथे काडीचीही किंमत उरत नाही. कायद्याची दृष्टीही या बाबतीत प्रतिपक्षाला अनुकूल नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९४ वा नियम टायरच्या सुस्थितीविषयी बोलताना कवचाचे धागे उघडे पडले आहेत काय, टायर निकामी होऊ लागल्याची चिन्हे आहेत काय, आणि नक्षीची खोली मोटारीच्या बाबतीत १.६ मिलिमीटरच्या खाली गेली आहे काय, असे प्रश्न विचारतो. हवा टिकत असल्याच्या सबबीवर यांपैकी कोणत्याही प्रश्नातून सुटका नाही.

इतके खंडन झाल्यावर दुसऱ्या टोकाच्या मंडळींनी हर्ष मानू नये. शोरूमच्या काचेआडून “साहेब, पंक्चर झालेला टायर पुन्हा वापरायचाच नाही” असे सांगणारा विक्रेताही तितकाच चुकीचा आहे, आणि त्याच्या चुकीत त्याचा फायदा असल्यामुळे तो अधिक दोषी आहे. नक्षीच्या मधल्या पट्ट्यात, सुमारे सहा मिलिमीटरांपर्यंतचे, खिळ्याने वा स्क्रूने पाडलेले भोक असेल, टायर कमी हवेवर चाललेला नसेल, आणि रिमवरून उतरवून आतून दांडीसकट मशरूम पॅच बसविलेला असेल, तर तो टायर उरलेले आयुष्य इमानाने काढतो. असा टायर टाकून देणे ही उधळपट्टी आहे, आणि कचऱ्याची चिंता वाहणाऱ्या प्रतिपक्षाशी लेखकाचे या ठिकाणी पूर्ण ऐकमत्य आहे.

मर्यादा याप्रमाणे आखता येते. नक्षी जेथे वळून भिंतीला मिळते त्या खांद्यावरचे भोक, भिंतीवरचे कोणतेही भोक वा धाग्यापर्यंत गेलेली चीर, फुगा, आतली पूड, सहा मिलिमीटरांहून मोठे छिद्र, किंवा पूर्वीच्या पॅचवर चढणारा नवा पॅच : यांपैकी एक जरी असले तरी टायर बदलावा. नक्षीच्या खोबणीत आडव्या बसविलेल्या छोट्या उंचवट्यांना नक्षी समपातळीत आली असेल, म्हणजे आपल्या बोलीत टायर गोटा व्हायला आला असेल, तर दुरुस्त होण्याजोगे पंक्चरही दुरुस्त करण्यात अर्थ नाही. बदलताना शक्य तर एका आसाची जोडी बदलावी, आणि नव्या नक्षीचे टायर मागच्या चाकांना घालावेत. पुढे नवे घालण्याची आपल्याकडील आवड समजण्यासारखी आहे, परंतु ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी सुटली तर गाडी भोवंडते, आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या हातचे नसते.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच की, पुढच्या पंक्चरच्या वेळी टायर रिमवरून उतरवून आतून दाखविण्याचा आग्रह धरावा, आणि वेळ नाही म्हणणाऱ्या दुकानातून उठून दुसरे दुकान गाठावे. त्याच वेळी डिकीतील स्टेपनीही बाहेर काढावी. टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर निवृत्ती, असा मिशेलिनसारख्या उत्पादकांचा सल्ला आहे, आणि तो एकदाही रस्त्याला न टेकलेल्या स्टेपनीलाही लागू आहे.