स्वयंपाकघरालाही सकाळ हवी!

आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात सध्या बांधकामांची धामधूम आहे. कुणी कौलारू घर उतरवून स्लॅब टाकतंय, कुणी स्टेशनजवळ फ्लॅट घेतंय, कुणी जुन्या घराला पुढे एक खोली काढतंय. छानच आहे. पण अशा नव्या घरात गेलं की मला एक गोष्ट हटकून दिसते. हॉलमध्ये पीओपीचं छत, त्यात लपवलेले दिवे, टीव्हीमागे चकचकीत पॅनेल. आणि आत स्वयंपाकघरात सकाळी दहा वाजताही ट्यूब पेटलेली! घरातली बाई दिवसाचे कितीतरी तास जिथे उभी असते, तिथली खिडकी उघडते ती शेजारच्या भिंतीवर.

हे हॉल आले कुठून? मालिकांमधून. गंमत बघा, कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ उभारला तो आपल्याच भागात. २०२३ मध्ये देसाई गेले, पण सेट म्हणजे काय असतं हे इथल्या अनेकांनी त्यांच्यामुळे जवळून पाहिलं. सेटवरच्या खोलीला बहुतेक वेळा छतच नसतं. वरून दिवे सोडायचे असतात ना! खिडकीतून येणारं ऊनही पुष्कळदा दिव्याचंच. कॅमेऱ्यासाठी ते ठीक आहे. आपल्याला मात्र तिथे तांदूळ निवडायचे असतात, सुईत दोरा ओवायचा असतो.

मला विचाराल तर घराची कल्पना सेटवरून घेण्यापेक्षा आपल्या संगीतावरून घ्यावी. आपल्या शास्त्रीय संगीतात रागांना वेळ असते. सकाळी भैरव, दुपारी सारंग, सूर्य मावळताना मारवा, दिवेलागणीनंतर यमन. दिवसभराच्या उजेडाचं वेळापत्रकच म्हणा ना! घरातही कोणत्या वेळी कुठे काय काम चालतं, ते पाहून उजेड वाटून द्यावा. पूर्वेचं कोवळं ऊन स्वयंपाकघराला, आणि ओटा खिडकीपाशी. उत्तरेकडून ऊन फारसं न येता एकसारखा शांत उजेड मिळतो, तिथे शिलाई मशीन किंवा मुलांचं टेबल. दक्षिणेचं ऊन डिसेंबर-जानेवारीत तिरपं होऊन आत येतं, थंडीत ते हवंसं वाटतं. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून लहानसा छज्जाही तिथे पुरतो. पश्चिमेचं ऊन मात्र तापदायक. तिकडे खिडकी बेताची ठेवावी, बाहेर एखादं झाड लावावं.

उजेडाइतकाच आवाजही महत्त्वाचा. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी घाटापलीकडच्या पुणे जिल्ह्यासह राज्यभरातून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. पहाटेच्या अंधारात, जात्यापाशी, बाईला स्वतःचा सूर होता. जातं गेलं ते बरंच झालं, कष्ट वाचले. पण गुणगुणायची जागाही गेली का? फरशी, काच आणि स्लॅब यांवर आवाज आदळून परत फिरतो. मग कुकर, मिक्सर, टीव्ही यांचा नुसता कलकलाट होतो, आणि संध्याकाळी डोकं का दुखतं ते कळत नाही.

कर्जतजवळची कोंडाण्याची लेणी आठवा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कारागिरांनी चैत्यगृहाला वर मोठी कमान कोरली, म्हणून खडकाच्या पोटातही उजेड पोचला. आत बोललं की आवाज घुमतो. सगळ्यांनी मिळून पठण करायला ते उत्तम, पण घरात घुमणं नको. त्यावर उपाय साधे आहेत. जमिनीवर सतरंजी, दिवाणावर गोधडी, जुन्या सुती साड्यांचे भरपूर चुण्यांचे पडदे. आपल्याकडच्या पावसाळ्यात जाड पडद्यांना कुबट वास येतो, सुती पडदे धुऊन लवकर वाळतात.

घर आधीच बांधून झालं असेल तरी हातात बरंच काही असतं. खिडकी अडवणारा फ्रीज हलवा. काचेवरची काळी फिल्म काढा. खिडकीसमोरच्या भिंतीला पांढरा किंवा फिका रंग द्या. कौलं असतील तर दोन काचेची बसवा, पत्रा असेल तर एक पारदर्शक शीट टाका. हजारो रुपयांच्या छतापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

मैत्रिणींनो, अडचण पैशाची कमी आणि सवयीची जास्त आहे. खिडकी कुठे येणार हे ठरतं तेव्हा आपण कुठे असतो? पुरुषमंडळी ओटीवर मिस्त्रींबरोबर नकाशा पक्का करतात. आपल्याला विचारतात ते टाइल्सचा रंग कोणता हवा एवढंच, आणि तेही शेवटी. टाइल्स नंतरही बदलता येतात. भिंत एकदा उभी राहिली की खिडकी सरकवणं म्हणजे तोडफोड आणि खर्च.

म्हणून पाया आखण्याआधी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकेकदा जागेवर स्वतः जाऊन या. ऊन कुठून येतं ते बघा, रस्त्याचा आवाज कुठून येतो ते ऐका. आणि पुढच्या वेळी मिस्त्री घरी आले की चहा देऊन आत जाऊ नका. तिथेच बसा आणि स्वयंपाकघराची खिडकी आधी आखून घ्या.