सेज जाळताय? आधी पान तरी बघा!

नवीन रूम घेतली, ब्रेकअप झाला, एटीकेटी सुटली, की पेटव सेजची जुडी आणि फिरव धूर खोलीभर! रील्सवर हे इतकं दिसतं की दोऱ्याने बांधलेल्या ‘व्हाइट सेज’च्या जुड्या आता आपल्याकडेही ऑनलाइन सहज मिळतात. धुराशी माझं काही भांडण नाही. ज्या घरांत तिन्हीसांजेला ऊद जळतो, बाळबाळंतिणीला ओवा-बाळंतशेपांची धुरी देतात, तिथल्या पोरांना धुराचं काय कौतुक? प्रश्न आहे तो आपण नेमकं काय जाळतोय याचा.

व्हाइट सेज म्हणजे साल्व्हिया एपियाना. हे झुडूप रानात उगवतं ते फक्त दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या पट्ट्यात. तिथल्या चुमाशसारख्या मूळनिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या ते अन्नात, औषधात आणि विधींत वापरत आल्यात. लागेल तेवढंच तोडायचं आणि विकायचं नाही, ही त्यांच्यातल्या अनेकांची रीत. १९७८ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा येईपर्यंत या लोकांच्या कित्येक विधींवर अमेरिकेत बंधनं होती. आणि आज तीच वनस्पती ‘पॉझिटिव्ह व्हाइब्स’ म्हणून पाकिटात! बाजारातला बराच माल शेतातला नसून रानातून ओरबाडलेला असतो, असं तिथले वनस्पती अभ्यासक सांगतात. २०१८ मध्ये नॉर्थ एटिवांडा या राखीव क्षेत्रातून चोरलेलं सुमारे ४०० पाउंड, म्हणजे १८० किलो सेज पकडलं गेलं होतं. एवढ्या लांबून आलेल्या जुडीवर ‘सस्टेनेबल’ असं छापलेलं असलं, तरी ती कुठे आणि कोणी पिकवली हे विक्रेत्याला विचारून बघाच. उत्तर नाही आलं तर काय समजायचं ते तुम्ही समजाल.

आता ओळखीचं बघू. खरं सेज तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं. देठ चौकोनी, पानं समोरासमोर जोडीने, फूल दोन ओठांचं. व्हाइट सेजच्या पानावर बारीक लव असते, म्हणून ते रुपेरी पांढरं दिसतं. पण अमेरिकेत ज्याला ‘सेजब्रश’ म्हणतात ते वेगळंच. ते आर्टेमिसिया, म्हणजे शेवंतीच्या कुळातलं. त्याची पानं एकाआड एक येतात आणि पानाच्या टोकाला तीन दाते असतात. वास दोघांनाही उग्र, म्हणून नुसत्या नाकावर भरवसा ठेवू नका.

गंमत पुढेच आहे. इंग्रजीत ‘वाइल्ड सेज’ हे नाव आपल्या घाणेरीलाही आहे. हो, तीच टणटणी, जी प्रत्येक ट्रेकला पायाला ओरखडे काढते! तिचंही देठ चौकोनी आणि पानं जोडीनेच. म्हणजे एकच खूण पाठ केलीत तर हमखास फसाल. काटे, खरखरीत पान आणि एकाच गुच्छात पिवळी-गुलाबी-केशरी फुलं बघितलीत की मात्र शंका उरत नाही. ही घाणेरी खाऊन गुरांचं यकृत बिघडतं, त्यांना कावीळ होते, उन्हात कातडी भाजते. तिची हिरवी, कच्ची फळं माणसालाही विषारी. कोणी ‘वाइल्ड सेज टी’ची रेसिपी टाकली आणि तुम्ही टेकडीवरून पाला आणलात तर? मोबाइलचं ॲप फोटोवरून फार तर अंदाज देतं, त्या भरवशावर काही तोंडात घालणं हा शुद्ध येडेपणा आहे.

खरं सेजसुद्धा ‘नॅचरल’ आहे म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. स्वयंपाकातल्या सेजमध्ये थुजोन असतं. चवीपुरती पानं चालतात, पण त्याचं तेल पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. गरोदर बाईने आणि फिट्‌स येणाऱ्याने लांबच राहावं. धुराचं म्हणाल, तर हॉस्टेलच्या बंद खोलीत दमेकरी रूममेटला सेजचा धूर काय आणि अगरबत्तीचा काय, दोन्ही सारखेच. निदान खिडकी उघडा राव!

आणि सुगंधच हवा असेल तर दवणा आहे ना. आर्टेमिसियाच्याच गोतावळ्यातला, सेजब्रशचा सख्खा नातेवाईक. चैत्रात ज्योतिबाच्या यात्रेला जुड्याच्या जुड्या येतात. तो जाळावा लागत नाही, उशाशी ठेवला तरी खोली घमघमते.