लायका उघडणारा जपानी आणि कॅमेरा घडवणारे कोल्हापूरकर

१/ आपटा स्थानकावर सुट्टीच्या दिवशी गाडीपेक्षा छायाचित्रकारांचीच वाट अधिक पाहावी लागते. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’चा अखेरचा प्रसंग येथे चित्रित झाला, ही या फलाटाची कीर्ती. तेथेच गळ्यात जपानी कॅमेरा अडकवलेल्या एका मित्राने मला एक फिरता मजकूर वाचून दाखवला आणि हा धागा लिहिणे भाग पडले.

२/ मजकुराचा आशय असा: एका जपानी तरुणाने महागडा जर्मन कॅमेरा खोलून पाहिला, तसाच स्वतः बनवला आणि त्यातून ‘कॅनन’ उभी राहिली. खाली तात्पर्य: ‘आपल्या लोकांना हे कधी सुचले नाही.’ वाचकहो, यातील कथा अर्धसत्य आहे आणि तात्पर्य निखालस खोटे.

३/ आधी कथा. गोरो योशिदा हा चलच्चित्रांचे कॅमेरे दुरुस्त करणारा कारागीर. लायका उघडली तेव्हा आत पितळ, लोखंड, ॲल्युमिनियम आणि रबर यांखेरीज काही सापडेना. मग एवढी किंमत कशाची, या विचाराने तो संतापला. १९३३मध्ये मेहुणा साबुरो उचिदा याच्यासह त्याने टोकियोत एक छोटी प्रयोगशाळा थाटली.

४/ १९३४मध्ये ‘क्वानन’ कॅमेऱ्याची जाहिरात झळकली. क्वानन म्हणजे बौद्धांची करुणामूर्ती, आपल्या लेण्यांतला अवलोकितेश्वर. भिंगाचे नाव ‘काश्यप’, बुद्धशिष्य महाकाश्यपावरून. इथवर कथा सुंदर आहे. पण क्वानन विक्रीस आलाच नाही आणि त्याच वर्षी योशिदा संस्था सोडून गेला. फिरत्या मजकुरात हे वाक्य कधीच नसते.

५/ १९३६मध्ये बाजारात आला तो ‘हान्सा कॅनन’. त्याचे भिंग कॅननचे नव्हते; ते निप्पॉन कोगाकुने, म्हणजे आजच्या निकॉनने बनवले होते. ही कंपनी १९१७मध्ये मित्सुबिशीच्या भांडवलावर स्थापन झाली. नौदलाला दुर्बिणी हव्या होत्या. १९२१मध्ये तिने आठ जर्मन तंत्रज्ञ बोलावून घेतले. एकाकी नायकाच्या मागे भांडवल, आरमार आणि भिंगांचा अख्खा उद्योग उभा होता.

६/ आता तात्पर्य. योशिदाने लायका उघडण्याच्या कितीतरी आधी कोल्हापुरात दोन भाऊ हेच करत होते. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री, नात्याने चुलतभाऊ, धंद्याने नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारे. म्हणून लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहून त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला.

७/ फाळक्यांनी १९१२मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला होता. मेस्त्री बंधूंना तो मार्ग परवडणारा नव्हता. त्यांनी मुंबईच्या बाजारातून जुना प्रोजेक्टर मिळवला, यंत्र समजून घेतले आणि कॅमेरा घडवायला घेतला. १९१६मध्ये आनंदराव वारले. काम अर्धवट राहिले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८मध्ये ते पुरे केले.

८/ त्या कॅमेऱ्याने नुसती चाचणी दिली नाही. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा उभा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि फेब्रुवारी १९२०मध्ये ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. ‘सुचले नाही’ म्हणणाऱ्यांनी या ओळीपाशी थोडे थांबावे.

९/ कोणी म्हणेल, हा चलच्चित्रांचा कॅमेरा आणि तो छायाचित्रांचा, तुलना कशी? मान्य, वस्तू वेगळ्या आहेत. पण यंत्र उघडून त्याचे मर्म ओळखणारी बुद्धी एकच आहे, आणि आरोप बुद्धीवरच होता.

१०/ मग कोल्हापुरात कॅनन का झाली नाही? इथे मला ‘आम्हीच पहिले’ म्हणत नाचणाऱ्यांशीही भांडायचे आहे. एक कॅमेरा म्हणजे उद्योग नव्हे. दुसरा, दहावा, शंभरावा कॅमेरा विकत घेणारे कोण होते? कच्ची फिल्म परदेशातून येई आणि वर आयात शुल्क. ते रद्द करा, असे १९२७-२८च्या रंगाचारी समितीला सुचवावे लागले. जपानी सत्ता आपल्या कारखान्यांची गिऱ्हाईक होती. आमच्यावरची सत्ता आम्हालाच गिऱ्हाईक समजत होती.

११/ तरीही ते श्रम वाया गेले नाहीत. त्या कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम घडले. १९२९मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ काढली. कोल्हापूरच्या कार्यशाळेतून कॅमेऱ्यांचा कारखाना निघाला नाही, चित्रपटकारांची पिढी निघाली. हे यश आहे. पण ते वेगळे यश आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा फरक सांगितलाच पाहिजे.

१२/ ‘पहिला कोण?’ हा इतिहासाचा सर्वांत आळशी प्रश्न आहे. भिंग कुणी दिले, पैसा कुणी लावला, दुसरी प्रत कुणी घेतली, हे विचारा. योशिदाची दंतकथा जपानी कारागिरांना लपवते. आमचा न्यूनगंड आनंदराव, दामले आणि तानीबाईंना लपवतो, आणि आमचा पोकळ अभिमानही तेच करतो.

१३/ आपण गडकोटांच्या तटबंदीची मापे घेतो, मोहिमांच्या तिथ्यांवरून रात्र रात्र वाद घालतो. त्यातला एक रविवार आपल्या गावातील जुन्या फोटो स्टुडिओला द्या, लेथवर बसणाऱ्या वृद्ध मेस्त्रींना द्या. त्यांची नावे, अवजारे, हिशेबाच्या वह्या नोंदवून ठेवा. नाहीतर उद्या आणखी एक फिरता मजकूर येईल, ‘आपल्या लोकांना हे कधी सुचले नाही’ म्हणेल, आणि खोडून काढायला आपल्याजवळ कागद नसेल.