राबणारीला आधी विचारा


उत्तर घानात बायका शियाच्या बियांचे लोणी काढतात. शिया हे आपल्या मोहाच्या कुळातले झाड. बिया वेचा, उकळा, वाळवा, फोडा, भाजा, दळा, मग पाणी घालून हातांनी घुसळा! लोणी जाते चॉकलेटात नि सौंदर्यप्रसाधनांत. धूर राहतो बाईच्या डोळ्यांत.

अशा लहान उद्योगांना नुसते ‘यंत्र घ्या’ सांगून भागत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2009 साली सुरू केलेले ‘स्कोर’ प्रशिक्षण घानातही पोचले. त्याचा पहिला धडा मालक-कामगारांच्या सहकार्याचा. आम्हांस हा क्रम पटतो. बी ओली राहिली की बुरशी धरते, लोण्याची प्रत घसरते. हे वाळवणारीच्या आधी कुणाला कळणार? सुधारित चुलीने सरपण वाचते, धूरही घटतो. उत्पादन नि आरोग्य, दोन्ही एकाच चुलीवर सुधारतात.

मात्र वाढलेल्या पैशातला वाटा तिच्या पदरात पडलाच पाहिजे. नाहीतर ते प्रशिक्षण कसले, जादा राबवून घेण्याची युक्तीच ती!

शिळ्या उसाने उतारा पडतो, हे आपण जाणतो. ऊस वेळेवर का येत नाही, हे तोडणी कामगारालाही विचारू या. सहकार फडापासूनच सुरू व्हावा.