पोहणे आणि वजने : पर्याय नव्हेत, पूरक

व्यायामाविषयीची आपल्याकडील चर्चा बहुधा पंथभेदाच्या वळणाने जाते. पोहणारा मनुष्य पोहणे हाच सर्वांगाचा व्यायाम मानतो, तर वजने उचलणाऱ्यास पाण्यातील विहार ही निव्वळ करमणूक वाटते. परिणामी कचेरीत वा वर्गात दिवस घालविणारा सामान्य नोकरदार या दोहोंपैकी एकाचीच निवड करावयाची आहे, अशी समजूत करून घेतो आणि पुष्कळदा ती निवडही लांबणीवर टाकतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, चहा आणि कॉफी यांसारख्या या पर्यायी वस्तू नव्हेत. लेखणी आणि शाई यांप्रमाणे त्या परस्परपूरक आहेत.

पोहण्याचे गुण निर्विवाद आहेत. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असल्याने प्रत्येक हात मारताना विरोध सोसावा लागतो आणि हृदय व फुफ्फुसे यांना भरपूर काम मिळते; तरीही पाणी शरीर उचलून धरीत असल्याने गुडघ्यांवर ताण येत नाही. परंतु या गुणातच त्याची मर्यादा आहे. हाडे बळकट राहण्यास त्यांच्यावर भार पडावा लागतो, आणि नेमका तोच भार पाणी हलका करते. वाढत्या वयातील स्नायूंची झीज थोपविण्यासही क्रमाक्रमाने वाढत जाणारे वजन उचलणे हा अधिक खात्रीचा उपाय होय. उलटपक्षी, केवळ वजने उचलणाऱ्याचा दम चार जिने चढताना उघडा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम अथवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस दमाचा व्यायाम सुचविला आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही सांगितला, त्यामागील मर्म हेच.

एक व्यायाम दुसऱ्यास मारक ठरतो, असा आक्षेप घेतला जातो. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा आठवडे दोन्ही प्रकारचे व्यायाम करणाऱ्यांची ताकद आरंभी वाढली, पुढे खुंटली व अखेरीस घटली, हे खरे. तथापि ती मंडळी आठवड्यातून पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस सायकल व धावण्याचा कसून सराव करीत होती, हे विसरून चालणार नाही. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम येथेही लागू पडतो. सामान्य माणसाचा प्रश्न अतिरेकाचा नसून अभावाचा आहे.

सोमवारी व गुरुवारी चाळीस मिनिटे वजने, बुधवारी व शनिवारी पाऊण तास दमदार पोहणे, एवढा क्रम पुरेसा आहे. बुधवारी पोहून खांदे थकलेले असल्याने गुरुवारी पाय व पाठ यांवर भर द्यावा. हिशेब केल्यास आठवड्याच्या १६८ तासांपैकी तीन तासही खर्ची पडत नाहीत.

मात्र हा सल्ला केवळ व्यक्तीला देऊन भागणार नाही. तलाव एकीकडे, व्यायामशाळा दुसरीकडे, आणि दोहोंचे शुल्क निराळे, अशी स्थिती असेल तर कारकुनाने वा विद्यार्थ्याने काय करावे? तलावाचा खरा खर्च बांधकामाचा आणि पाणी रोज शुद्ध राखण्याचा. तो नगरपालिका एकदा सोसतेच आहे, तर त्याच आवारात एक खोली, काही लोखंडी दांड्या व चकत्या आणि एक जाणता शिक्षक यांची भर घालणे तुलनेने अल्प खर्चाचे आहे. लोखंड वर्षानुवर्षे टिकते. कचेऱ्या सुटल्यानंतरची वेळ आणि स्त्रियांसाठी सोयीचा तास एवढे मिळाले, तर त्याच तलावाचा लाभ कितीतरी अधिक नागरिकांना होईल. सार्वजनिक पैशाचा याहून काटकसरीचा विनियोग सहसा आढळणार नाही. नगरपालिकेच्या पुढील अंदाजपत्रकात ही मागणी नागरिकांनी आग्रहाने मांडावयास हवी.