मुक्कामाशिवाय यात्रा

जर्मनीत फोक्सवागनने १९५० साली एक डबाछाप मोटार काढली. तिच्यात पलंग-चूल बसवून लोक बायकापोरांसह हिंडू लागले. आता त्या जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात. फोनवर ते पाहून आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपल्याकडं असलं काहीच नाही!"

नाही कसं? विष्णुपुरीहून लातूर रस्ता धरावा, लोहा ओलांडावं, की आलं माळेगाव. मार्गशीर्ष वद्यात खंडोबाची यात्रा. घोडे, गाढवं, उंटांचा बाजार. आपले आजे तिथं सहकुटुंब बैलगाडीनं जायचे. खाली कडबा, वर वाकळ. बाजूला तीन दगडांची चूल. गादीखालचा कडबा हेच इंधन!

आणि आपण? मोटारीनं भुर्रकन जाणार, कपाळाला भंडारा, एक फोटो, आणि "उद्या ड्यूटी आहे" म्हणत दिवेलागणीला घरी! मंडळी, ही यात्रा नव्हे, हे चेक वटवणं झालं. बँकेत वीस वर्षं काढलेला माणूस सांगतोय: सकाळी भरून दुपारी काढलेल्या पैशावर व्याज मिळत नाही. एक रात्र तरी ठेवा. पोरांना चुलीपाशी भांडू द्या, आजीला जुनं सांगू द्या. मोटार नवी चालेल. मुक्काम तेवढा जुना हवा.