केवढी गाडी, केवढे घर?

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. लातूरहून नांदेडला जाणाऱ्या हमरस्त्यावर एका ढाब्यासमोर एक विचित्र ट्रक उभा होता. आम्ही पाच-सहा विद्यार्थी सरांबरोबर नांदेडला वक्तृत्व स्पर्धेसाठी निघालो होतो आणि चहाला उतरलो होतो. ट्रकला पुढे चार माणसे बसतील एवढी केबिन आणि मागे हौद्याच्या जागी एक बंद पेटी. पेटीला खिडक्या, खिडक्यांना पडदे! शिडीवर एक परदेशी बाई बटाटे सोलत बसल्या होत्या. जर्मनीहून नवरा-बायको जमिनीवरून प्रवास करीत भारतात आले होते. ती पेटी हेच त्यांचे घर.

आमच्या इंग्रजीच्या सरांनी मध्यस्थी केली, म्हणून आम्हाला आत डोकावता आले. पलंग, ओटा, गॅस, छोटी मोरी, पाण्याची टाकी. मी भीतभीत विचारले, "यात किती माणसे झोपतात?" त्या गृहस्थांनी दोन बोटे दाखवली. मग ते सरांना बरेच काही सांगत राहिले. त्याचा सारांश असा की, अशा प्रवासाला निघणाऱ्याने इंजिन कोणते, रंग कोणता, हे नंतर ठरवावे. गाडी केवढी, हा प्रश्न आधी सोडवावा. त्यांची पहिली गाडी याच्या दीडपट मोठी होती. ती गावांच्या वेशीत अडकायची, चिखलात रुतायची आणि मोठी आहे म्हणून नको ते सामान भरले जायचे. शेवटी त्यांनी ती विकली.

माझ्याबरोबरचे सगळे त्या घराच्या थाटावर बोलत राहिले. मी मात्र दोन बोटांचा विचार करीत होते. कारण मीही ट्रकमध्ये राहिलेली मुलगी आहे.

मी मुखेड तालुक्यातल्या एका तांड्यावरची. माझी याडी आणि बा (आम्ही आईला याडी म्हणतो) दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊस तोडायला जातात. आमच्या घरातून कॉलेजच्या पायऱ्या चढलेली मी पहिलीच. आठ वर्षांची होईपर्यंत मी त्यांच्याबरोबर जात असे. पुढे आजीजवळ राहिले, म्हणून शाळा टिकली. तेव्हा गाडी केवढी असावी, हा प्रश्न माझ्या दृष्टीने हौसेचा नाही. त्यावर विचार करण्याचा मला थोडा अधिकार आहे, असे मी नम्रपणे म्हणते.

आधी त्या जर्मन गृहस्थांचा हिशेब समजून घेऊ. पाण्यापासून सुरुवात करू, कारण आपण लातूरकर आहोत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. दोन माणसांना रोज दहा-दहा लिटर धरले तरी पंधरा दिवसांचे तीनशे किलो झाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. म्हणजे एकेका वाघिणीत पन्नास टन! पाणी किती जड असते, हे त्या उन्हाळ्याने आपल्याला शिकवले. म्हणून मोठी टाकी हवी म्हणणाऱ्याने आधी चाकांना विचारावे.

दुसरी गोष्ट रस्त्याची. आपल्याकडे गाडीची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली. तिच्यातला गावाकडे जाणारा डांबरी रस्ता साधारण पावणेचार मीटरचा असतो. समोरून दुसरी तेवढीच गाडी आली की एकीला साइडपट्टीवर उतरावेच लागते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत उतरलेली गाडी पुन्हा वर येईलच, याची खात्री कोण देणार? म्हणून गाडी निवडताना हमरस्ता पाहू नये. वाटेतला सर्वांत अरुंद पूल, सर्वांत खाली आलेली वीजतार आणि सर्वांत चिखलाची पाणंद पाहावी.

तिसरी गोष्ट परवान्याची. आपल्या कायद्यात साडेसात टनांपर्यंतची गाडी हलकी समजतात. हलक्या गाडीचा परवाना असलेल्याने त्या वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालवली तर चालते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्या जोडप्याची गाडीही साडेसात टनांच्या आतलीच होती. त्यांच्या देशातही परवान्याची एक रेघ तिथेच आहे म्हणे. आपल्या सरकारनेही २०२१ साली अशा फिरत्या घरांसाठी पर्यटनाचे धोरण आखले आहे. तेव्हा उद्या आपल्यापैकी कोणी नोकरीला लागून असे घर बांधले, तर त्याने या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात.

एवढे सगळे पटले. मग माझ्या मनात आले, हाच हिशेब आमच्या ट्रकला लावून पाहू. दिवाळीच्या सुट्टीत तांड्यावर टोळीची गाडी लागली, तेव्हा मी सुतळी घेऊन हौदा मोजला. सतरा फूट लांब, सात फूट रुंद. म्हणजे एकशे एकोणीस चौरस फूट. त्यात बारा कोयते. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसाला अवजाराच्या नावाने मोजतात, यावर वेगळा लेख लिहिता येईल. बारा कोयत्यांची चोवीस माणसे, चौदा मुले, शिवाय पाच शेळ्या, कोंबड्या, ज्वारीची पोती, भांडी, सरपण, कोपीचे बांबू आणि ताडपत्री. नुसती माणसेच धरली तरी माणशी तीन चौरस फूट जागा येते. त्या परदेशी पेटीची लांबी मी पावलांनी मोजली होती. चौदा बाय सात, म्हणजे अठ्ठ्याण्णव चौरस फूट. माणशी एकोणपन्नास.

आता गंमत पाहा. गंमत हा शब्द मी नाइलाजाने वापरते. माणसे, मुले आणि सामान यांचे वजन अंदाजाने केले, तर ते तीन टनांच्या आतच भरते. त्या ट्रकची ताकद नऊ-दहा टनांची. म्हणजे टनाच्या हिशेबाने आमचा ट्रक तीन हिस्से असेल तर दोन हिस्से रिकामा! मुकादम म्हणाला ते खोटे नव्हते. तो म्हणाला, "आणखी दोन कोयते बसतील की, गाडी हलकीच हाय." काटा त्याच्या बाजूने बोलत होता. सुतळी माझ्या बाजूने बोलत होती.

माझ्या मते सगळ्या दुःखाचे मूळ इथे आहे. ती गाडी उसाच्या मापाने घेतलेली असते. ऊस टनांत मोजतात, म्हणून माणूसही टनांत मोजला जातो. उसाला पाय लांब करायचे नसतात. उसाला रात्री उठून बाहेर जायचे नसते. उसाला ताप येत नाही आणि ऊस बाळंत होत नाही. मालवाहू गाडीतून माणसे नेणे नियमात बसत नाही, हे सर्वांना माहीत आहे. पण वर्षानुवर्षे आमचा प्रवास असाच होतो, रात्रभर आणि वर अर्धा दिवस. घाटात ट्रक वळला की सगळी माणसे एका अंगाला कलंडतात. मी सहा वर्षांची असताना एका वळणावर आमची ज्वारी भरलेली गोणी माझ्या पायावर पडली. त्याचा वण अजून आहे. दोष कोणाला देऊ? गोणीला बांधायला जागाच नव्हती.

वर्गात हे बोलले तेव्हा एक मित्र म्हणाला, "मग मोठा ट्रक घ्यावा. दहा चाकी." उत्तर सरळ वाटते, पण ते चुकीचे आहे. मोठा ट्रक आला की त्यात बाराऐवजी वीस कोयते बसतील, कारण मोजणारा तोच आणि माप तेच. शिवाय मोठी गाडी उसाच्या फडापर्यंत जात नाही. बांधाबांधाने डोक्यावर बिऱ्हाड वाहत जावे लागते. त्या जर्मन गृहस्थांना मोठ्या गाडीने जो धडा दिला, तोच आम्हालाही मिळेल. फरक एवढाच की त्यांना गाडी विकता आली.

इथे मला आमच्या पूर्वजांची आठवण होते. आगगाडी येण्यापूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत. त्याला लदेणी म्हणत. १८०३ साली दख्खनच्या लढाईत आर्थर वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणारे हेच लोक. त्यांच्या वाहनाचे माप काय होते? एक बैल. शंभर बैल असोत की हजार, माप बैलाच्या पाठीचे. एक बैल बसला तर दुसऱ्यावर गोणी हलवायची आणि तांडा पुढे जायचा. वाट अरुंद असेल तर बैल एकामागे एक चालायचे. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत, कारण त्या वाटेवर बाया-माणसांनी किती सोसले ते कोणी लिहून ठेवलेले नाही. पण एक शहाणपण त्यात होते. एक अवाढव्य गाडी करण्यापेक्षा पुष्कळ लहान वाहने बरी, आणि वाहनाचे माप चालणाऱ्याने ठरवावे.

म्हणून माझे मत असे आहे. माणसांसाठी एस. टी. ठरवावी. १९४८ सालापासून ती आपल्या खेड्यापाड्यांत फिरते आहे, लग्नाच्या वऱ्हाडाला मिळते, सहलीला मिळते. मग टोळीला का मिळू नये? सामानासाठी आणि जनावरांसाठी वेगळा टेम्पो असावा. चारशेसात १९८६ पासून आपल्या रस्त्यांवर आहे, ती पाणंदीतही जाते. आणि हा खर्च उचलीतून कापू नये, वाहतुकीच्या खर्चात धरावा. ऊस नेण्याचा खर्च हिशेबात असतो, तर तो तोडणाऱ्याला आणण्याचा का नसावा?

हा लेख लिहून झाल्यावर मी तो याडीला फोनवर वाचून दाखवला. तिला वाचता येत नाही. मला वाटले, ती खूश होईल. ती म्हणाली, "एस. टी.त शेळी घेत्यात का?" मी म्हणाले, शेळी टेम्पोत येईल. ती म्हणाली, "आन् टेम्पोत शेळी मेली तर? ट्रकात सगळं डोळ्यापुढं असतंय." मी गप्प झाले. एकशे एकोणीस चौरस फुटांत दाटीने बसण्याचे एक कारण मी मोजलेच नव्हते. ज्यांच्याजवळ थोडेच असते, त्यांना ते नजरेआड करण्याची भीती वाटते. तेव्हा माझ्या योजनेत दुरुस्ती करते. प्रत्येक टेम्पोत सामानाजवळ टोळीतली दोन माणसे केबिनमध्ये बसावीत.

मग मी तिला विचारले, "याडी, तुला विचारलं तर केवढी गाडी पाहिजे म्हणशील?" ती बराच वेळ काही बोलली नाही. अठ्ठावीस वर्षे ती या प्रवासाला जाते आहे आणि हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलेला नव्हता. मग म्हणाली, "पाय लांब करता आलं म्हंजी बास."

मित्रमैत्रिणींनो, आपल्या महाविद्यालयात मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या भागांतून आलेले माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत. वर्गात आपण ते सांगत नाही. आपले आई-वडील सध्या कुठल्या फडावर आहेत, हे विचारले तर शेती करतात म्हणून मोकळे होतो. मीही दोन वर्षे तसेच सांगितले. माझी एवढीच विनंती आहे की, पुढच्या दिवाळीत गावी गेलात म्हणजे सुतळी घेऊन टोळीची गाडी मोजा, माणसे मोजा, मुले मोजा आणि ते कागदावर लिहून ग्रामपंचायतीत द्या. मोर्चा काढायला धाडस लागते, मोजायला लागत नाही. आणि जे मोजले जाते त्याबद्दल निदान प्रश्न तरी विचारता येतो.

वसतिगृहात आमची खोली बारा बाय दहाची आहे. आम्ही तिघी राहतो. माणशी चाळीस चौरस फूट. पहिल्या रात्री मी अंथरुणावर पाय लांब केले तेव्हा भिंत लागली नाही, म्हणून दचकून उठले होते. ती सुतळी आता माझ्या पेटीत आहे. सतरा फुटांवर एक गाठ आहे, सात फुटांवर दुसरी. येत्या हंगामात गाडी लागेल तेव्हा मी ती घेऊन जाणार आहे.